सोनखवल्यांची भीड

ता. ६ जून

चि. ठकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या मत्स्यपैदास केंद्रातल्या टाक्यांत वाढलेल्या सोनखवल्या तुझे सोबती परवा आपल्या नदीत सोडून गेले. तू तिकडेच अडकलीस, म्हणून वधूपिता मीच झालो! नदीतून ही मासोळी नाहीशी झाली, त्याआधी तुझी आई घाटाच्या पायरीवर बसून त्यांना “या गं बायांनो” म्हणायची, आठवतं? काल मी तिथं उभा राहिलो, तर सगळ्या पायाशी गोळा! कणकेच्या गोळ्या टाकल्या. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण काटा मागे गेलेला कालच पाहिला.

तू कधी येतेस? पलंगावर तुझी चादर घालून ठेवली आहे.

तुझी वाट पाहणारा,
बाबा

ता. १३ जून

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

आधी हसले, मग लगेच हे लिहायला बसले. बाबा, त्या तुम्हाला ओळखत नाहीत हो. टाकीवर माणसाची सावली पडली की खाणं मिळतं, एवढंच त्यांना ठाऊक. उद्या गळ टाकणाऱ्याकडेही अशाच लाडात जातील. पुन्हा गोळी टाकलीत तर माझ्याशी गाठ आहे! जवळ आल्या की काठी आपटा, पाणी उडवा. माणसाबद्दल त्यांची भीड चेपली आहे, ती परत यायला हवी. या गेल्या तर संपलंच, इथल्या म्हाताऱ्या माद्या आता अंडी घालत नाहीत. त्यांना टाकून येऊ तरी कशी?

तुम्हाला असं सांगणं जिवावर आलं. राग धरू नका, माया कमी करू नका.

तुमची,
ठकू

ता. २९ जुलै

चि. ठकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा हुकूम पाळला. रोज जाऊन काठी आपटत होतो. त्या तोंड वर करून बघायच्या, लहानपणी दुकानात तू माझा डबा उघडायची वाट बघायचीस, तश्शा. खिशाकडे गेलेला हात मागे घ्यायचो. समोरचा न्हावी म्हणाला, घड्याळजींची स्प्रिंग सुटली. म्हटलं, तू आपली कात्री सांभाळ.

आज काठी उचलावीच लागली नाही. खोल पाण्यात एकदाच सोनेरी लकाकी वळली नि गेली. बराच वेळ उभा होतो. कुणी आलं नाही. जिंकलीस, बाई. तोंडातल्या तोंडात “जा गं बायांनो” म्हटलं आणि घरी आलो.

तुझी चादर झटकून पुन्हा घातली आहे. यायची बंदी त्यांना आहे, तुला नाही. माझा लोभ काही काठी आपटून जाणारा नाही. तुझाही तसाच असू दे.

तुझा,
बाबा