वरची पदं तेवढी

दि. ४ मार्च

ती. काकांस,
खारीचा शि. सा. न. वि. वि.

शेवटचं प्रकरण सोबत पाठवलं आहे. महिनाअखेर प्रबंध जमा करायचा. तो झाला तरच इथली नेमणूक पक्की. कॉलेजात तुम्हीच शिकवलेलं आहे सगळं: डिफरन्शियल ऑपरेटरमधली सर्वांत वरच्या कोटीची, म्हणजे सर्वांत जास्त वेळा डेरिव्हेटिव्ह घेतलेली पदं तेवढी ठेवायची, डेरिव्हेटिव्हच्या जागी दिशेची अक्षरं घालायची, की त्याचा सिंबल मिळतो. तो कुठल्याच दिशेला शून्य होत नसेल, तर दोन बंडलं एकमेकांना जोडतो आणि के-थिअरीतला एक क्लास ठरतो, ज्यावर माझं हे प्रकरण उभं आहे. माझा सिंबल तसा आहेच. खालच्या पदांनी मात्र वर्षभर जीव खाल्ला. एकूण एक तपासली आहेत, तेव्हा नुसती नजर फिरवा आणि शाबासकी धाडा.

लोभ आहेच, तो शाबासकीतून दिसावा.
तुमची पुतणी, खार

दि. ११ मार्च

चि. खारीस,
अ. उ. आ.

अक्षर काकूचं आहे, दचकू नकोस. माझ्या डोळ्यांनी गेल्या वर्षीच हात टेकले. तुझ्या अभ्यासात विघ्न नको म्हणून बोललो नाही. प्रकरण तिनंच वाचून दाखवलं. पहिल्याच ओळीला तिला घाम फुटला, तेव्हा म्हटलं, दोनदा डेरिव्हेटिव्ह आहे तेवढीच पदं वाच, बाकीची सोड. उरली तीन. कडेची दोन नुसते वर्ग, गुणक एकच.

मधल्या, मिश्र पदाचा गुणक जागेप्रमाणे बदलतो, आणि तुझ्याच तक्त्यात एका बिंदूपाशी तो बरोबर दोन होतो. मग राहिलं काय? शाळेतला दोन अक्षरांच्या बेरजेचा वर्ग! एकाला एक दे, दुसऱ्याला उणे एक. शून्य. त्या दिशेला बंडलांचा जोडच सुटतो, क्लास ठरत नाही.

काकू म्हणते, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे, गप्प बसा. हेही तिनंच लिहिलंय, बघ.

रागव, पण लोभ तोडू नकोस.
काका

दि. २० मार्च

ती. काका-काकूंस,
सा. न.

अक्षर पाहून आधी रडले, मग एक आणि उणे एक घातलं. शून्यच. खालच्या पदांचा डोंगर उपसत बसले, आणि वरची तीन घरचीच म्हणून पाहिलीही नाहीत. दोन दिवस तुमचा संतापही आला, खरं सांगते. मग माझ्या गाईड सरांना सांगून प्रकरण मागे घेतलं. नेमणूक दुसऱ्याला गेली. फार वाईट वाटतंय.

गुणक उणे दोन आणि दोन यांच्या आतच राहील अशी अट घातली, की बाकीचं उभं राहतं. तेवढं नव्यानं लिहितेय. टपालानं मात्र पाठवणार नाही, स्वतः येऊन वाचून दाखवीन. काकूला सुट्टी. डोळ्यांचं लपवलंत, त्याचं भांडणही तेव्हाच.

क्लास ठरायला खालची पदं लागत नाहीत, ठाऊक आहे. तरी तीही सगळी वाचणार आहे, म्हणजे माझा मुक्काम लांबेल.

तोवर लोभ राखून ठेवा.
तुमची, खार