दुकान क्रमांक सात, खालची पेठ

लिहून ठेवणार : कुशाबाई चांगदेव वेठेकर, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, सध्या मुक्काम पिंपरी पेंढार, तालुका जुन्नर, भावाच्या घरी. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कुणी सांगितलं म्हणून किंवा कुणाला भिऊन मी हे लिहीत नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या मागे माझ्या मिळकतीचं असं व्हावं :

कलम १. खालच्या पेठेतलं आमचं घर, खाली दुकान आणि वर दोन खोल्या, पुनर्विकास योजनेत गेलं. डिसेंबरात पाडलं. पाहायला मी गेले नाही. करारानुसार नव्या इमारतीत मला तिसऱ्या मजल्यावर एक सदनिका आणि तळमजल्यावर दुकान क्रमांक सात मिळायचं आहे. ताबा मिळेपर्यंत मी असेन असं वाटत नाही.

कलम २. सदनिका मुलगा ऋषी यास. माझी मोठी कात्री नात तेजस्विनी हिला. तिने कागद कापायला वापरू नये.

कलम ३. दुकान क्रमांक सातचे सर्व हक्क बायडाबाई सोमाजी लोहकरे, राहणार तळेघर, तालुका आंबेगाव, हिला.

बावीस वर्षं ती माझ्या दुकानापुढच्या ओट्यावर नाचणी आणि हातसडीचा तांदूळ विकत होती. मी तिच्याकडून भाडं घेतलं नाही, म्हणून पावतीही दिली नाही. आणि योजनेत ज्याच्याकडे कागद, त्यालाच गाळा. सुनावणीत मी विचारलं, “मग हिने बसायचं कुठं?” साहेब वयाने लहान, पण सभ्य होते. म्हणाले, “आजी, तुमचं पटतंय मला. पण ओट्यासाठी अर्जात रकानाच नाही.”

म्हणून मी संमती दिली नाही. चार वर्षं. आमच्या रांगेतल्या भिंती सामायिक, एकाची सही अडली की सगळ्यांचं अडतं. बायडाबाई स्वतः म्हणायची, “माझ्यापायी अडून बसू नका, आक्का. लई जुनी लाकडं हायती, कुनाच्या तरी अंगावर यायची.” मी ऐकलं नाही. तिच्यासाठी लढते आहे असं सगळ्यांना सांगत राहिले. त्यातलं निम्मंच खरं होतं. सही सुभाषभाऊंना हवी होती, म्हणूनही मला द्यायची नव्हती.

सुभाषभाऊ म्हणजे शेजारचे कापडवाले. आमचे मालक गेले, त्यांच्या तेराव्यालाच त्यांनी विचारलं होतं, “वहिनी, दुकान विकायला काढायचं आहे का?” ते मी एकोणीस वर्षं मनात धरून ठेवलं.

ऋषी, तू फोनवर म्हणालास, “आई, ती बाई आपली कोण?” माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तू चाकणला होतास आणि औषधाचे थेंब तिने घातले, एवढं लिहून ठेवते. या कलमाला हरकत घेऊ नकोस.

कलम ४. मागच्या श्रावणात सुभाषभाऊंची गॅलरी कोसळली. त्यांची सून वृषाली तिथे कपडे वाळत घालत होती. तिचा उजवा गुडघा आता वाकत नाही. त्यानंतर अकराव्या दिवशी मी संमतीवर सही केली. अट एकही घातली नाही; तोंड उरलं नव्हतं. त्या घरातून मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

माझं मोटरचं शिलाई मशीन वृषालीला. पेडल डाव्या पायाला सोयीचं करून घेतलं आहे. तिने ते घेतलंच पाहिजे असं नाही.

कलम ५. बँकेतली शिल्लक आधी माझ्या क्रियाकर्माला, उरेल ती ऋषीला. तेराव्याला फार माणसं बोलावू नयेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाचा सूरज याने करावी.

दुसऱ्या साक्षीदाराबद्दल खुलासा करणं भाग आहे. सूरजने त्यांना सहज विचारलं आणि ते एसटीने एकटे आले. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. म्हणाले, “वाचायचं काय त्यात, वहिनी? कुठं सही करायची तेवढं सांगा.” मी जागा दाखवली. चहा घेऊन गेले.

मुक्काम : पिंपरी पेंढार
दिनांक : ११ मार्च २०२५

सही : कुशाबाई चांगदेव वेठेकर

आमच्या समक्ष सही केली :
१. सावळेराम कुटे, पिंपरी पेंढार
२. सुभाष गुजर, कापड दुकानदार, खालची पेठ