डिस्प्ले नंबर सहा

१ तारीख, सकाळी ७
आजपासून फोनवर दुसऱ्यांचे फोटो बघणं बंद. साफ बंद. ढब्बूने नव्या फ्लॅटचे अकरा फोटो टाकलेत. शाळेत हाच ढब्बू माझ्या वहीतून गणितं उतरवायचा. हेवा वगैरे मला अजिबात वाटत नाही. पोटात दुखतंय ते ॲसिडिटीमुळे.

सकाळी ७.२०
बारा फोटो. बाल्कनीचा राहिला होता.

३ तारीख
संकल्प मोडलेला नाही, सुधारलाय. बघायचं नाही, दाखवायचं! फर्निचरच्या शोरूममध्ये सेल्समन आहे मी. तिथे मांडून ठेवलेले आठ हॉल रोज माझ्या हातून पुसले जातात. मालक जेवायला गेल्यावर डिस्प्ले नंबर सहाच्या हिरव्या सोफ्यावर पाय पसरून फोटो काढला. किमतीची चिठ्ठी उशीखाली सरकवली. फोटोखाली लिहिलं, 'शेवटी आपलं ते आपलं.' यात खोटं काय? 'माझं' कुठे लिहिलंय?

४ तारीख
दोनशे चौदा लाइक. ढब्बूचा नाही. दर पाच मिनिटांनी स्टॉकरूममध्ये जाऊन बघितलं. मालकांनी विचारलं, पोट बिघडलंय का. गिऱ्हाइकाने डायनिंग टेबल मागितलं, मी कपाट दाखवलं.

५ तारीख
मावशीने आईला फोन करून विचारलं म्हणे, घर घेतलंत आणि सांगितलंही नाहीत? आईने आमच्या सोफ्याच्या मोडक्या पायाखालची वीट सरळ केली, वरची विटकी चादर काढून ठेवणीतली घातली. मला बघवेना. मग फोन बघितला.
धाकटी म्हणाली, दादा, दुसऱ्याचं बघून दुखणाऱ्या पोटाला गोळी नसते. लहान तोंडी मोठा घास.

७ तारीख
ढब्बूचा मेसेज: घर बघायला कधी येऊ? कळवलं, रंगकाम चालू आहे. कुठला रंग, त्याने विचारलं. ठरतोय, म्हटलं.

११ तारीख
ढब्बू शोरूममध्ये! सोबत बायको, हातात फोन, फोनवर मी. कपाटाआड सरकलो, तेवढ्यात मालकांची हाक: यांना सहा नंबर दाखव रे.
ढब्बूने माझा शोरूमचा टी-शर्ट पाहिला, सोफा पाहिला, फोन पाहिला. आता हसणार, वाटलं.  तर तो बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, तुझा फोटो पाहिल्यापासून आमचा हॉल डोळ्यांसमोर नको झालाय रे, आठ दिवस धड झोप नाही. मग विचारलं, हाच ना?
हाच, म्हटलं. यावर तासभर बसलं की पाठ धरते, हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. महिन्यातली पहिलीच विक्री होती.

१२ तारीख
सोफा टेम्पोतून गेला. फोटो बघणं आजपासून बंद. या वेळी खरोखर.

१३ तारीख, सकाळी ७.०५
ढब्बूने हॉलचा फोटो टाकलाय. खिडकीतून ऊन आणि उन्हात तो हिरवा सोफा. किमतीची चिठ्ठी उशीखालून डोकावतेय, अक्षर माझं. पण काय दिसतोय! शोरूममध्ये कधी इतका चांगला दिसला नाही. आपल्याकडे कधी यायचा असा?
पोटात परत दुखतंय. अजून तर काही खाल्लंही नाही.