दोन फिल्म आणि एक गाढव

३ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. नमस्कार.

तू विचारलंस म्हणून सांगते, नोकरी अजून आहे, पण दहा तारखेपर्यंतच. आमच्या नव्या व्हॉल्व्हचं ड्रॉइंग फुटलं. दुसऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात ते जसंच्या तसं छापून आलं.

ते जपायची पद्धत माझीच होती. एका चित्राच्या दोन पारदर्शक फिल्म करायच्या. प्रत्येकीवर नुसते काळे ठिपके, मुंग्या सांडल्यासारखे. एकीवर दुसरी बरोबर ठेवली की चित्र दिसतं. एक फिल्म माझ्याकडे, दुसरी स्टोअरकीपरकाकांकडे. आता आमचे साहेब मालकांना सांगतायत की झेरॉक्स मशीनच्या ट्रेमध्ये माझ्या फिल्मची प्रत सापडली, म्हणजे अर्धं ड्रॉइंग मीच बाहेर दिलं. एकट्या फिल्ममध्ये अर्धंच काय, एक रेघही नसते, हे चारदा समजावलं. साहेब म्हणाले, अर्धं म्हणजे अर्धं, एवढं गणित त्यांना शाळेपासून येतं. दहाला चौकशी आहे. आईला इतक्यात कळवू नकोस.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
खारूताई

६ फेब्रुवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुझे साहेब म्हणजे ज्ञानाचा महासागर, फक्त त्यात घोटासुद्धा बुडत नाही. छापखान्यात सदतीस वर्षं काढली, असले पुष्कळ पाहिले. प्रूफ उलटं धरून चुका काढायचे. आणि तूही धन्य! असल्या माणसाला चारदा समजावत बसलीस?

मला एवढंच सांग. एका फिल्ममध्ये काहीच नसतं म्हणतेस, मग दुसरी नवी करून तिच्या जोडीने वाटेल ते उमटवता येईल की नाही? येत असेल तर गाढव उमटव. आम्ही रंग जुळवायला कोपऱ्यांत फुल्या ठेवायचो, तशा ठेव. भर सभेत फिल्म सरकवत बसलीस तर तुझंच हसं होईल.

वेळेवर जेवत जा.

मावशी

११ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. नमस्कार.

गाढव उमटलं! कानांसकट.

आधी साहेबांनी पाऊण तास माझ्या बेजबाबदारपणावर भाषण ठोकलं. मग मी माझी तीच फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली, वर नवी ठेवली आणि फुल्या जुळवल्या. करड्या गोंधळातून आधी कान वर आले, मग शेपूट. मी म्हटलं, साहेबांच्या हिशेबाने मी अर्धं गाढवही बाहेर दिलंय. मालक हसले आणि हसता हसता थांबले. मग दोन्ही फिल्म एकत्र कोणाच्या हातात होत्या, असं त्यांनी विचारलं. स्टोअरकीपरकाका खाली मान घालून म्हणाले, त्यांची फिल्म तर साहेब महिन्यापूर्वीच 'सुरक्षिततेसाठी' घेऊन गेले. माझीही साहेबांनी एक दिवस 'तपासायला' नेली होतीच. मालकांनी साहेबांच्या टेबलाचा खण उघडला, तर काकांची फिल्म आणि माझ्या फिल्मची नक्कल एकाच टाचणीत! त्या दुसऱ्या कंपनीत साहेबांना मोठी खुर्ची हवी होती म्हणे.

साहेबांनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' राजीनामा दिलाय. आणि मी? भर सभेत वरिष्ठांची टिंगल केली म्हणून मी लेखी माफी मागायची आहे. मजकूर ऑफिसनेच टाईप करून दिलाय, फक्त सही हवी. करून टाकते, कटकट नको.

तुझ्या गाढवाला आणि तुला नमस्कार.

खारूताई

१४ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

सही करू नकोस.

तू लहान असताना आमच्या छापखान्यातून एक प्रश्नपत्रिका फुटली. त्या दिवशी मी त्या मशीनवर नव्हतेच. व्यवस्थापक म्हणाले, माफीच्या दोन ओळी लिहून दे, प्रकरण मिटवू. मीही म्हटलं, कटकट नको, आणि लिहून दिल्या. त्यांनी तो कागद माझ्या फायलीत लावला. पुढची एकोणीस वर्षं गोपनीय कामाच्या खोलीत मला पाऊल टाकू दिलं नाही. मी मात्र सगळ्यांना सांगत राहिले की मला कॅलेंडरं छापायलाच आवडतं. तुझ्या आईलाही तेच वाटतं.

लोकांना नावं ठेवणं सोपं होतं गं. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मावशी

१७ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. नमस्कार.

कागद सही न करता परत दिला. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, नकाराचं कारण काय लिहू? मी म्हटलं, चूक माझी नाही, असं लिहा. त्यांनी तसंच लिहिलं. आणि हळूच म्हणाल्या, बावीस वर्षांत असं लिहायला त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

नोकरीचं अजून काही कळलं नाही. रविवारी तुझ्याकडे येते आहे.

तुझीच,
खारूताई