नसलेल्या पुस्तकांची वही

प्रिय बेबी,

फोनवर तू "कशी आहे ती?" विचारतेस, मी "बरी आहे" म्हणते, तेवढ्यात तुला वॉर्डातून हाक येते. म्हणून हे पत्र. ड्युटी संपल्यावर एका जागी बसून वाच.

तुझ्या लेकीने मला वात आणलाय. तुझी बदली झाली तेव्हा मीच हौसेने तिला ठेवून घेतलं, कबूल. पण ती नेमकी माझ्याच वर्गात आली. शाळेत 'बाई', घरी 'मावशी', आणि दोन्हीकडे ऐकायचं म्हणून नाही.

आमच्या नव्या मुख्याध्यापिकांनी फतवा काढला: नववीतल्या प्रत्येकाने सहामाहीत पंधरा पुस्तकं वाचायची, वाचनवहीत पाच-पाच ओळी लिहायच्या, आणि कोणाची किती झाली त्याचा तक्ता बाहेर भिंतीवर. बेचाळीस मुलं. निम्मी पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर उतरवतात. एकीने लिहिलं, 'पुस्तक चांगले आहे. पाने एकशे वीस.' मागच्या बाकावरचा लंबू तर तासभर एकच पान उघडून बसतो. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

तक्त्यात पहिली तुझी लेक. अकरा पुस्तकं! प्रत्येकाखाली मी लाल पेनाने 'छान' लिहिलं, स्टाफरूममध्ये जरा मिरवलंसुद्धा. मग एक दिवस ग्रंथपाल माझ्यावर उखडले. तुमची मुलं रोज येऊन लिफ्टचं पुस्तक मागतात, म्हणे; पाच अनोळखी माणसं लिफ्टमध्ये अडकतात आणि त्यातल्या एकीला बाहेर पडायचंच नसतं. दोन दिवस कपाटं उपसली, असं पुस्तकच नाही. तुझ्या लेकीच्या वहीतली बाकीची दहाही नव्हती. नावं, लेखक, गोष्टी, सगळं हिच्या डोक्यातलं. हिची वही वर्गभर फिरत होती आणि मी आपली 'छान' लिहीत होते.

घरी समोर बसवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत शांतपणे म्हणाली, "मावशी, कपाटातली सगळी पुस्तकं आम्हाला सुधारायला बसलीत. आम्ही काय बिघडलोय?" मला संताप आला.

शिक्षा म्हणून सांगितलं, ते लिफ्टचं पुस्तक आता लिहूनच काढ. तिने काढायला घेतलं. बुधवारच्या तासाला तीन पानं घेऊन आली, पण वाचून दाखवायला तयार होईना. लंबूने वही ओढून घेतली आणि उभा राहून वाचू लागला. ओळीखाली बोट धरून, जोडाक्षरावर अडखळत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हा तासभर एकच पान का उघडून बसतो. नऊ वर्षं शाळेत काढून त्याला धड वाचता येत नाही, आणि मी त्याला आळशी म्हणत होते. वर्गात कोणी हसलं नाही. पुढे काय होतं याचीच सगळ्यांना घाई. आता दर बुधवारी तोच वाचतो; वही सोमवारीच मागून नेतो, घरी तयारी करून येतो. मधल्या सुट्टीत मीही त्याच्याबरोबर पंधरा मिनिटं बसते. परवा त्याने कपाटातलं एक पुस्तकही नेलं, सगळ्यात पातळ बघून. नेऊ दे.

हे सगळं मी मुख्याध्यापिकांना सांगितलं. त्यांनी 'खोट्या नोंदी' म्हणून हिचं नाव तक्त्यावरून पुसलं आणि शनिवारी पालकांना बोलावलं. मी वाद घातला, तर म्हणाल्या, "बाई, तुमची भाची आहे म्हणून बोलताय." 

पालकांच्या भेटीचा एक कागद असतो, तो मुलांनीच भरायचा. तिने पालकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलंय. पुढे 'नातं' म्हणून जागा आहे, तिथे 'आई'. हे काय, असं विचारलं, तर म्हणाली, "तू रोज असतेस." मी तिला रागवायला हवं होतं. पण बेबी, तो कागद मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. चारदा काढून बघितला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, सही करावीशी वाटली. अजूनही वाटतेय. म्हणून तो या पत्रासोबत पाठवून देतेय, म्हणजे माझ्या हाताशी नको. माझं नाव मी खोडलेलं नाही. ते तू खोड, तिच्यासमोर. शनिवारी साडेदहा वाजता. रजा मिळत नाही हे कारण मला सांगू नकोस, तिला सांगून बघ.

वैतागलेली, तरी तुझीच,
ताई