हिरडेदरा पॅटर्न

३ जानेवारी, सकाळी ६.१०
झोप लागली नाही. काल हिरडेदरा ग्रामपंचायतीशी आमच्या कॉलेजचा सामंजस्य करार झाला! विषय : ग्रामसभेला लोक का येत नाहीत. संशोधन आमचं, गाव त्यांचं. प्राचार्यांनी सही केली, सरपंच झुंबरबाईंनी केली, शिपाई हौशीरामने नारळ फोडला. फोटोत मी मधोमध आहे. डोळे मिटलेले आलेत, पण चिंतनात असल्यासारखा दिसतो.
सप्टेंबरात असोसिएट प्रोफेसरची मुलाखत. ‘शासनासोबत संशोधन’ या रकान्यात आजवर मी रेघ मारत आलो. आता नाही.
संकल्प : आठवड्यातून दोनदा गावात जायचं. ऐकायचं जास्त, बोलायचं कमी. चहा बंद.
निघताना झुंबरबाई म्हणाल्या की, करार झाला ते लई ब्येस झालं, पर आमच्या साडेनऊच्या गाडीचं तेवढं बगा. डिंभ्यावरून निघून वाड्या-वाड्या फिरत गावात येणारी एसटी. रस्ता खचला तेव्हा बंद झाली, रस्ता दुरुस्त झाला तरी परत आली नाही. कॉलेजच्या लेटरहेडवर डेपोला एक पत्र द्या, इतकंच मागणं. देतो म्हटलं. विषयाशी संबंध नाही, पण माणसं जोडावी लागतात.

२७ जानेवारी
काल पहिली ग्रामसभा. स्कूटर काढून वेळेआधी पोचलो. हजर अकरा. त्यात मी, सरपंच, ग्रामसेवक आणि हौशीराम. एक गृहस्थ रेशन दुकान कधी उघडणार ते विचारायला आले होते, त्यांनाही धरलं. कोरम नाही म्हणून सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा.
उत्तम बेसलाइन. इतका वाईट आकडा मिळायलाही नशीब लागतं.

११ फेब्रुवारी
प्रश्नावली तयार. चौसष्ट प्रश्न. रुपाली (बायको, शाळेत शिकवते) म्हणाली की चौसष्ट प्रश्नांना मी स्वतःसुद्धा बसणार नाही. तिला मेथडॉलॉजी समजावू लागलो. कुकरची शिट्टी झाली आणि ती उठून गेली.
आठवड्यातून दोनदा काही जमलं नाही. महिन्यातून एकदा हेच जास्त शास्त्रीय. सारखं गेलं की लोक आपल्याला सरावतात.
चहा चालू. कमी साखरेचा.

२० मार्च
गावात फेरी. माणसं हिरडा गोळा करायला रानात. हौशीरामला घेऊन वाडीवाडीने हिंडलो, स्कूटर तापली, बारा फॉर्म भरले. ‘ग्रामसभेला न येण्याचं कारण’ यासाठी मी आठ पर्याय दिलेत. उदासीनता, माहितीचा अभाव वगैरे. बाराच्या बारा जणांनी नववाच सांगितला : गाडी नाय.
लंकाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंना नीट खोदून विचारलं. त्या म्हणाल्या की, बाबा, चालत जायला दीड तास, यायला दीड तास. आन तितं जाऊन ऐकायचं काय? गाडीचं तर कुनी बोलतच न्हाई.
‘इतर’ हा रकाना विश्लेषणात फार त्रास देतो. काढून टाकला.
बरं झालं, पत्राची आठवण झाली. कॉलेजात आल्या आल्या क्लार्क चिमाजीला टाइप करायला सांगितलं. एक काम मार्गी.

२९ मार्च
सभेचं आमंत्रण देणारी पोस्टर्स छापली. खाली क्यूआर कोड. हौशीराम म्हणाला की वाडीवर रेंज नाय. रेंज येईल, पोस्टर तर लागू दे.
चिमाजीने सहीचे काही कागद दिले. घाईत होतो, प्रोजेक्टच्या फाइलीत टाकले.

२ मे
काल मी जिंकलो!
महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. स्कूटर घोडेगावला पंक्चर. पोचलो तेव्हा दोन वाजले होते, सभा उरकलेली, हौशीराम सतरंजी झाडत होता. वही उघडली. सह्या एकशे बारा! अकरावरून एकशे बारा म्हणजे नऊशे अठरा टक्के वाढ. कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं.
पोस्टर्सचा परिणाम. दुसरं काय असणार? डिंभ्याला उतरल्या उतरल्या प्राचार्यांना फोन केला. शाब्बास म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

९ जून
 
वहीचे फोटो बघताना लक्षात आलं की सह्या घरांच्या ओळीने आहेत. शेजारी शेजाऱ्याच्या खाली, सासूखाली सून. हौशीरामला फोन केला. तो अगदी सरळ म्हणाला की, वही घेऊन मीच फिरलो ना सर, तीन दिस. दरसालचं हायेच ते, पर औंदा वरच्या वाड्या बी सोडल्या न्हाईत. सरपंच बाई म्हनल्या, सरांनी करार केलाय, त्यांचं काम आडाया नको.
तीन कप चहा. साखरेचा.

१० जून, पहाटे ५
सापडलं! मी उगाच घाबरलो. लोक सभेकडे येत नाहीत, तर सभाच लोकांकडे जाते. वही चालते, लोकशाही चालते. याला फसवणूक म्हणणारा माणूस जुन्या चौकटीत अडकलेला आहे. पेपरचं नाव : ‘फिरती ग्रामसभा : हिरडेदरा पॅटर्न’.
रुपालीला उठवून सांगितलं. ती म्हणाली की तुमच्या हजेरीपुस्तकातही मुलं असंच करतात, तेव्हा का ओरडता? सकाळी सकाळी वाद नको.

१४ जुलै
झुंबरबाईंचा फोन. त्यांची नात आरती यंदा अकरावीला गेली होती. पावसात रोज नऊ किलोमीटर डिंभ्यापर्यंत चालत उतरायची, मग पुढची एसटी. दोन आठवडे केलं, आता घरी बसली. झुंबरबाईंनी विचारलं की, सर, त्या पत्राचं काय झालं? मी ठामपणे सांगितलं की पत्र जाऊन चार महिने झाले, सरकारी काम आहे, गाडी सुरू होईलच. त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. नेहमी ‘चहाला या’ म्हणतात, आज म्हणाल्या नाहीत.
मुलींची शिक्षणातली गळती. स्वतंत्र पेपर होईल. टिपून ठेवलं.
दुपारभर काही सुचलं नाही. व्हरांड्यात फेऱ्या मारत होतो. एवढी हुशार मुलगी घरी बसते, आणि डेपोवाले ढिम्म. कसं व्हायचं या देशाचं.

१३ ऑगस्ट
परवाच्या ग्रामसभेला प्राचार्य स्वतः येणार! अहवाल तयार आहे. पान सहा, ‘परिणाम’ : एसटी सेवा पूर्ववत. झालीच असणार, पत्राला किती दिवस लोटले. पान सहावर फोटो हवा, म्हणून मी साडेनऊच्या गाडीनेच वर जाणार.
प्राचार्य म्हणाले, माझ्या कारमध्ये चला. नम्रपणे नाही म्हटलं. संशोधकाने लोकांच्या गाडीने जावं. रुपाली म्हणाली की गाडी सुरू झाली का, एकदा फोन करून विचारा तरी. विचारायचं काय त्यात? माणसाचा कामावर विश्वास हवा.

१५ ऑगस्ट, सकाळी ९.२०. डिंभे, थांबा
वेळेवर हजर. नवे बूट. पाटीवर पांढऱ्या रंगात स्पष्ट लिहिलंय : हिरडेदरा ९.३०. बाक ओला, म्हणून फाइलवर बसलो.

१०.०५
गाडी थोडी लेट. चहावाल्या अंजनाताई म्हणाल्या की, पावणं, कंच्या गाडीची वाट बगताय? ती बंद व्हऊन लई दिस झालं. त्यांना शांतपणे समजावलं की पुन्हा सुरू झाली आहे. त्यांनी न मागता चहा दिला.

१०.३०
प्राचार्यांची कार थांबली. काच खाली करून या म्हणाले. मी हसून हात हलवला : तुम्ही व्हा पुढे, माझी गाडी येतेच आहे.

१२.१५
आली नाही.
चालत निघालो होतो. दुसऱ्या वळणावर बुटाने टाच सोलली, परत आलो. एकही जीप मिळत नाही. अंजनाताई म्हणाल्या की सगळ्या जीपा सकाळपासून वरच्या वाड्यांत सभेची माणसं आणाया गेल्यात.
गाडी सुरू असल्याचं त्यांना पटेना, म्हणून पान सहा दाखवायला फाइल उघडली. तळाशी चिमाजीचं पत्र. ‘मा. आगार व्यवस्थापक यांस.’ तारीख २४ मार्च. प्राचार्यांच्या सहीची जागा कोरी.
तीन तास मी त्याच्यावर बसलो होतो.
अंजनाताईंना काही दाखवलं नाही. आरती आठवली. फार लाज वाटली.

सायंकाळी ५.२०
प्राचार्यांची कार मघाशीच खाली गेली. मी अंजनाताईंच्या दुकानाच्या आत सरकलो होतो. रिकाम्या हाताने त्यांच्यापुढे काय उभा राहणार.
आत्ता हौशीराम आला. चालत.
त्याने सांगितलं की सभेला एकशे त्रेचाळीस माणूस. ओटीवर जागा नाही, अंगणात छत्र्या. झुंबरबाईंनी फळ्यावर एकच विषय लिहिला होता : एसटी. प्राचार्यांनी सगळं ऐकलं आणि डेपोला जागच्या जागी हाताने पत्र लिहिलं. ठराव आरतीने वाचला. प्राचार्यांनी पत्र स्वतः डेपोत नेऊन देतो म्हणून खिशात घातलं.
माझं विचारलं का कुणी, असं विचारलं. तो म्हणाला की, इचारलं ना. प्राचार्य साहेब म्हनले, सर साडेनऊच्या गाडीनं येत्यात. मी विचारलं, लोक हसले का? न्हाई सर, हसलं न्हाई कुनी.
मग त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढली आणि पेन पुढे केलं. म्हणाला की, बाई म्हनल्या, सरांचं नाव राहाया नको. गाडीच न्हाई, त्यात त्यांचा काय दोष?
त्याला चहा घे म्हटलं, थांबला नाही. नऊ किलोमीटर परत चढायचे होते.
मी हजर असल्याची सही केली. एकशे चव्वेचाळिसावी. तिच्या वरच्या सगळ्या खऱ्या आहेत.