खोटा धूर

बाबा, आज गच्चीवर वाळत घातलेल्या मूगवड्या पुन्हा भिजल्या आणि मला तुमचाच राग आला. दिवाळी होऊन गेली तरी पाऊस जायचं नाव घेत नाही. कापसाची बोंडं झाडावरच काळी पडली. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपते, इथे डिझेल चढतं, त्यामागून एसटीचं तिकीट आणि भाजी. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. या सगळ्यात तुमचा काय दोष, असं कुणीही म्हणेल. पण धुरावर जीव लावायला मला तुम्हीच शिकवलं, म्हणून भांडण तुमच्याशीच.

अकोल्याच्या त्या जीनमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तुम्ही बॉयलरवर होता. तुमच्या सदऱ्याला कोळशाचा वास यायचा आणि मला तो आवडायचा. चिमणीतून धूर निघाला की आसपासच्या खेड्यांतल्या बाया कपाशी निवडायला निघायच्या. भोंग्याची वाट पाहिली तर उशीर व्हायचा, म्हणून सगळा भरवसा धुरावर. धूर दिसला तर जीनमध्ये, नाही तर कुणाच्या वावरात वेचणीला. मी एकदा विचारलं होतं, एवढा धूर जातो कुठे? तुम्ही हसलात. "वर जाते. धूर दिसला म्हंजे शंभर घरच्या चुली पेटल्या, एवढं ध्यानात ठेव." मी ठेवलं.

मग त्या वर्षी कोळशाचे डबे बडनेऱ्याला अडकले. का अडकले ते कुणी सांगेना. कपाशीच्या गंज्या आवारात तशाच पडून, शेतकऱ्यांच्या बैलगाड्या फाटकाबाहेर उभ्या, बाया घरी. चांद्याकडच्या खाणीतला तो काळा दगड वेळेवर आला नाही तर अर्धं अकोला उपाशी बसतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माय भाकरी थापता थापता म्हणाली, "कोळसा नाई तं पऱ्हाट्या लावा. वावरावावरात ढीग पडून हायेत." तुम्ही ताटावरून मानही वर केली नाही. "चुलीतलं ग्यान बॉयलरले शिकवू नोको." अजूनही माझा संताप होतो, बाबा. ज्या कपाशीसाठी जीन चालायचं, तिच्याच काड्या बांधावर जळून जायच्या आणि तुम्ही मालगाडीची वाट पाहत बसायचात.

आणि मग तो दिवस. बॉयलरच्या नळ्या बदलल्या होत्या. गळती आहे का पाहायला तुम्ही तेलकट चिंध्या आणि सरकीची फोतरं पेटवली. चिमणीतून काळाकुट्ट धूर निघाला. पंधरा दिवसांनी धूर दिसला म्हटल्यावर बाया वेचणी सोडून धावत आल्या, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या पदरात भाकर. माय माझ्या धाकट्या भावाला घेऊन सगळ्यांच्या पुढे. फाटक बंद. उन्हात तासभर उभ्या राहिल्यावर त्यांना कळलं की काम नाही. एक म्हातारी तुमच्या तोंडावर म्हणाली, "काम नाई तं धूर काहून काढला?" मायची वेचणीतली ओळ त्याच दिवशी दुसऱ्या बाईला गेली, मजुरीही गेली. संक्रांतीनंतर कोळसा आला, तोवर आपण कण्या आणि अंबाडीच्या भाजीवर काढलं. त्या रात्री मायने एवढंच विचारलं, घरात तरी सांगायचं होतं ना. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "ध्यानातून गेलं."

पुढे मी अमरावतीला भूगोल शिकवला. वर्षानुवर्षं पोरांकडून नकाशात कोळशाच्या खाणी काळ्या पेन्सिलीने भरून घेतल्या. पुस्तकात खनिज संपत्ती म्हणून लिहिलं होतं, मी तेच घोकून घेतलं. धूर वर जातो पण निघून जात नाही, तिथेच साठून पावसाचं वेळापत्रक बिघडवतो, हे निवृत्तीच्या आधी काही वर्षं मला कळलं होतं. परीक्षेला नव्हतं, म्हणून वर्गात बोलले नाही. आता शेजारच्या शेतकऱ्याची पोरगी विचारते, बाई, पाऊस असा काहून करून राहिला, आणि मला तुमच्यावर चिडावंसं वाटतं. तुमच्यावर चिडणं सोपं आहे, तुम्ही उत्तर देत नाही.

हे पत्र जुन्या नकाशांच्या पुस्तकात ठेवून देईन. पण एक गोष्ट लिहायची राहिली, तिच्यासाठीच बहुतेक बसले होते. त्या सकाळी निघताना तुम्ही मला दारात सांगितलं होतं, "आज धूर खोटा हाये. मायले सांग, वावरातच जा म्हना." माय वावरात गेली की धाकट्याला मी सांभाळायचं, असं ठरलेलं होतं. जीनमध्ये ती त्याला सोबत न्यायची. आणि त्या दिवशी शाळेत भिंतीवर पहिल्यांदा देशाचा नकाशा लागणार होता.

मी मायला सांगितलं नाही. तिने धूर पाहिला, धाकट्याला उचललं, आणि मी दप्तर घेऊन पळाले.

तुम्ही विसरला नव्हता, बाबा. धुराचं माहीत असून गप्प बसणं मी तुमच्याकडून शिकले नाही, ते माझं मीच शिकले.